नाशकात होडी कुठं नांगराल?

नोकरीसाठी दापोली, गुहागर, मालवण सोडून नाशकात आलेल्या, आणि गावची होडी विकायला ज्यांचं मन धजलेलं नाही अशा मंडळींसाठी हे लिहितो आहे. मी वाशिष्ठीच्या खाडीकाठचा. 1999 साली सातपूरला कारखान्यात लागलो आणि पाच वर्षांनी घरची 14 फुटी होडी टेम्पोत घालून घाटावर आणली. तेव्हापासून गावाकडून आलेलं कुणी ना कुणी विचारतं: दादा, होडी ठेवायला वाऱ्यापावसापासून आडोसा असलेली, भाडं न पडणारी जागा कुठं मिळेल?

जागा मिळते. पण ती शोधायला मे महिन्यात या.

खाडीत तळ बघायचा तर ओहोटीला चिखलात उतरावं लागतं, आणि तेही पाणी हटेल तेवढ्यापुरतंच. धरण मात्र वैशाखात स्वतःहून उघडं पडतं. सप्टेंबरात जिथं तीन पुरुष पाणी असतं, तिथं मे महिन्यात पायी फिरता येतं. कुठं काळी माती आहे, कुठं मुरूम, कुठं कातळाची धार वर आली आहे, कुठं बुडालेल्या विहिरीचा कठडा आहे, कुठं बाभळीची खुंटं उभी आहेत, सगळं डोळ्यांनी दिसतं. वही घ्या, नकाशा काढा, आणि प्रत्येक जागेसाठी काठावरच्या दोन-दोन खुणा लिहून ठेवा: देवळाचा कळस आणि त्यामागचं झाड एका रेषेत, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब आणि डोंगरातली खिंड एका रेषेत. गावाकडं मासे लागण्याची जागा आपण अशीच धरतो. पाणी भरल्यावर हीच वही कामाला येते. माझी पहिली दोन वर्षं हे न कळल्यामुळं वाया गेली, म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो.

आता कुठलं पाणी. शहरातली गोदावरी सोडून द्या. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. त्याच्या कुठवर पाणी आलं यावरून नाशिककर पूर मोजतात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की त्या काठावर काही राहत नाही. 2008 चा सप्टेंबर आणि 2016, 2019 चे ऑगस्ट इथल्या लोकांना अजून आठवतात. शहराच्या खाली गेलात तर पाणवेली. तो हिरवा गालिचा वाऱ्यानं सरकत येतो, होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, अडकतो, आणि त्याच्या ओढीनं चांगला रुतलेला नांगरही सुटतो. त्याहून खाली नांदूरमध्यमेश्वर. तिथं पाणी शांत आणि उथळ, बघून मोह होईल. पण ते पक्षी अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगानं महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात तिथं होडी घालायचा विचारही मनात आणू नका.

राहिली धरणं. गंगापूर शहराला सगळ्यात जवळचं, पण ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचं. मुकणेतूनही शहराला पाणी येतं. अशा पाण्यात तेलाचा एक थेंब सांडणंही मला पटत नाही. माझी होडी वल्ह्यांवर आणि लहानशा शिडावर चालते, तुम्हीही तसंच करा असा माझा आग्रह आहे. इंजिन लावायचंच असेल तर 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू होतो. तपासणी, नोंदणी, विमा हे सगळं आलं. आणि होडी कुठल्याही धरणात उतरवण्याआधी जलसंपदा विभागाच्या त्या धरणाच्या कार्यालयात जाऊन लेखी अर्ज द्या. तोंडी ‘चालेल हो’ वर जाऊ नका. साहेब बदलतात, कागद राहतो. धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा आणि जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) यांच्या आसपास जायचंच नाही, तिथं खालची ओढ वरून दिसत नाही.

मी स्वतः दारणेच्या फुगवट्यात स्थिरावलो. 1916 सालचं, इंग्रजांच्या काळातलं धरण, इगतपुरी तालुक्यात. बाजूंनी ओहोळ येऊन मिळतात, त्यामुळं हाताच्या बोटांसारखे लांबट फाटे तयार झाले आहेत. आडोसा म्हणतात तो या फाट्यांत. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या: नाशिक शहरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि इगतपुरीला 3,000 च्या वर. सातपूरला ऊन पडलेलं असतं तेव्हा धरण चढत असतं. आपल्या खिडकीतून बघून होडी सुरक्षित आहे असं समजायचं नाही.

आपलं पंचांगही इथं बदलावं लागतं. गावाकडं नारळी पौर्णिमेला नारळ देतो आणि होड्या पाण्यात जातात. इथं नेमक्या त्याच दिवसांत धरणांचे दरवाजे उघडतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत होडी काठावर, पूररेषेच्या वर, पालथी घालून ठेवायची. पाण्यात घालायची ती दसऱ्याला. तेव्हा धरण भरलेलं असतं, वारा पडलेला असतो, पाणी निवळायला लागलेलं असतं. पहिल्या वर्षी श्रावणात होडी कोरडी बघून माझ्या आईनं फोनवर विचारलं होतं, पौर्णिमा झाली ना रे? ते ऐकून फार वाईट वाटलं होतं. आता मी तो नारळ दसऱ्याला देतो.

वाऱ्याचं गणित आपल्यापेक्षा सोपं आहे, पण वेगळं आहे. खारे वारे, मतलई वारे ही रोजची अदलाबदल इथं तशी चालत नाही. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडचा आणि मंद. फेब्रुवारीनंतर दुपार कलली की पश्चिमेकडून घाट चढून आलेला वारा सुटतो आणि दिवेलागणीपर्यंत वाहतो. लाट किती उठणार हे वाऱ्याच्या जोराइतकंच तो किती लांब पाण्यावरून येतो यावर ठरतं. म्हणून फाट्याचं तोंड पश्चिमेला उघडं नसावं, आणि धरणाचं लांबच लांब पात्र त्याच्या समोर नसावं. तोंडाशी वळण असेल तर उत्तम. एप्रिल-मेचा वळीव मात्र कुठल्याही दिशेनं येतो. धूळ उठली, गार झोत आला की दहा मिनिटांत काठ गाठा. विजा चमकत असताना पाण्यावर थांबायचं नाही. होडीपेक्षा माणूस मोठा.

नांगराचं सांगतो. चार नखांचा नांगर दगडधोंड्यांत धरतो, पण धरणाच्या मऊ गाळात तो रेघ ओढत सरकतो. गाळाला रुंद, चपट्या पात्यांचा नांगर हवा, तो ओढ बसेल तसा खाली रुतत जातो. त्याच्यापुढं दोन-तीन मीटर साखळी आणि मग नायलॉनची रस्सी. नायलॉन ताणलं जातं आणि झटका खातं. तरंगणारी प्लास्टिकची दोरी वापरू नका, ती मासेमारांच्या जाळ्यांत गुंतते. रस्सी किती सोडायची? पाण्याची खोली अधिक नाळेची पाण्यावरची उंची, याच्या पाचपट, आणि वारा असेल तर सातपट. 3 मीटर पाणी आणि अर्धा मीटर नाळ धरली तर साडेसतरा मीटर, वाऱ्यात साडेचोवीस. एवढ्या रस्सीवर होडी घेर घेणार, त्या घेरात खुंट किंवा कातळ नको. मे महिन्याची वही इथं उघडायची. खुंटांत नांगर अडकण्याची भीती असेल तर त्याच्या बुडाशी दुसरी बारीक दोरी बांधून वर रिकामा डबा सोडा. सरळ ओढून निघाला नाही तर त्या दोरीनं उलट्या बाजूनं निघतो.

अरुंद फाट्यात पूर्ण घेर मिळतच नाही. तिथं पुढून नांगर आणि मागून काठावरच्या खुंटीला दोरी, असं दुहेरी बांधायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खाडीचं पाणी जातं ते सहा तासांनी परत येतं. इथं दसऱ्यानंतर उतरायला लागलेलं पाणी परत येतं ते पुढच्या आषाढात. शेतीची आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाळीपाळीनं सोडायचं पाणी, सुटतात, खाली गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचा निर्णय होतो, आणि आठवडाभरात धरण डोळ्यांदेखत उतरतं. मीटरभर उतरलं तर काय झालं, असं वाटेल. पण काठाचा उतार 20 मीटरला 1 मीटर असेल, तर पाणी 1 मीटर उतरताच काठ 20 मीटर आत सरकतो. रस्सी तेवढीच, घेर तेवढाच, पाणी मात्र आटलेलं. आणि ज्या फाट्यात आडोसा जास्त, तोच आधी कोरडा पडतो. पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरात होडी अशाच एका सुरेख फाट्याच्या टोकाला ठेवून दोन आठवडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा होडी चिखलात कलंडलेली आणि पाणी चाळीस पावलांवर. तळाची एक फळी उकललेली. वाडीवरच्या चौघांनी गुडघाभर गाळातून ती उचलून दिली. त्यातले एक बाबा म्हणाले, “पाणी सुटणार हे आम्हाला ठाऊक होतं, पण तुमचा फोन कुठं होता आमच्याकडं?”

म्हणून धरणात नांगराची जागा एक नसते, तीन असतात: दसरा ते संक्रांत फाट्याच्या पोटात, संक्रांत ते होळी फाट्याच्या तोंडाशी, आणि त्यानंतर मुख्य पात्राच्या कडेला, पश्चिमेकडून एखाद्या टेकाडाची आड धरून. शेवटची जागा सगळ्यात उघडी, म्हणून तिथं मी होडी रात्रभर सोडत नाही, वर ओढून घेतो. आवर्तन कधी सुटणार हे पेपरात येतं, पण वाडीवर त्याआधी कळलेलं असतं.

फुकट जागा मिळते ती या वाडीमुळं. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, हरभरा, गहू, भाजीपाला. ती जमीन कसतात ते बहुतेक तेच, ज्यांची शेतं धरणात गेली. तुम्हाला ओसाड दिसणारा काठ महिन्याभरात कुणाचं तरी शेत होणार असतो. तिथं खुंटी ठोकण्याआधी, होडी ओढत नेण्याआधी विचारा. मासेमारीचा ठेका तिथल्या मच्छीमार संस्थेकडं असतो, त्यांच्या लोकांनाही भेटा. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकणारी ही माणसं पहाटे तीनला पाण्यावर असतात. अंधारात तुमची रस्सी त्यांच्या वाटेत येता कामा नये, म्हणून रस्सीवर पांढरा डबा बांधा. गळ टाकून त्यांच्या हक्काचे मासे काढू नका. मला जागेचे पैसे आजवर कुणी मागितले नाहीत, आणि मी देऊ केले तेव्हा घेतले नाहीत. पण दिवाळीला मी त्या घरी जातो, गावाहून आलेली सुकट नेतो, आणि त्यांच्या तराफ्याच्या दोऱ्या बदलायला हात लावतो. होडी पावसाळ्यात पालथी पडते ती त्यांच्याच खळ्याच्या कडेला.

होडीच्या लाकडाबद्दल थोडं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड, म्हणून इथं होडी किंचित खोल बसते, भरताना तेवढं ध्यानात ठेवा. लाकूड पोखरणारा समुद्री किडा इथं नाही, ही मोठी सुटका. पण मीठही नाही, आणि गोड्या पाण्यात व पावसाच्या ओलीत लाकूड लवकर कुजतं. आत साचलेलं पावसाचं पाणी एक दिवसही राहू देऊ नका. तेलपाणी गावाकडं वर्षातून एकदा करत असाल तर इथं दोनदा करा, आणि पालथ्या होडीखाली विटा ठेवून वारा खेळता ठेवा.

यंदा कुणाला जागा बघायची असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सहाला निघू. दहानंतर गाळावर पाय ठेववत नाही. टोपी, पाणी, वही आणि खोली मोजायला गाठी मारलेली दोरी घेऊन या. चप्पल नको, बूट घाला, खुंटांत काटे असतात. आधी वाडीवर चहाला थांबू, मग खाली उतरू.