रब्बीचा पेरा ठरवण्याआधी तलावातले पाणी उपग्रहाच्या चित्रावर मोजा

पाऊस परतला की ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आभाळ निवळते आणि चार महिने ढगांखाली दडलेले शिवार उपग्रहाच्या चित्रात स्वच्छ दिसू लागते. ज्यांची रब्बी पाझर तलावावर किंवा गावतळ्यावर आहे, त्यांनी गहू-कांद्याचे क्षेत्र ठरवण्याआधी याच दिवसांत तलावाचा पाणपसारा मोजून ठेवावा. काठावर उभे राहून केलेला अंदाज बहुतेक वेळा जास्तच निघतो.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात आणि साधारण दर ५ दिवसांनी नवे चित्र येते. त्यातला एक चौकोन (पिक्सेल) १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. त्यामुळे चौकोन मोजले की गुंठे मोजले, ४० चौकोनांचा एक एकर.

गावाचे नाव शोधा, सेंटिनेल-२ एल२ए (हवेचा परिणाम काढून टाकलेली चित्रे) निवडा, ढगांची मर्यादा २० टक्क्यांवर आणा. आधी खऱ्या रंगातले चित्र नीट बघा. तलावाजवळ ढगाची सावली असेल तर ती तारीख सोडून द्या, कारण सावली पाण्यासारखीच काळी दिसते. मग एनडीडब्ल्यूआय हा पाणी उठून दाखवणारा थर लावून क्षेत्र मोजण्याच्या साधनाने पाण्याचा काठ गिरवा. गढूळ पाणी या थरात फिके पडते. अशा वेळी एसडब्ल्यूआयआर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा थर लावून खात्री करा. त्यात पाणी काळपट, पीक हिरवे आणि उघडी जमीन तपकिरी दिसते, मात्र चौकोन २० मीटरचे असल्याने काठ ओबडधोबड येतो. जलपर्णीने झाकलेला भाग दोन्ही थरांत पीक म्हणूनच दिसतो, तो प्रत्यक्ष पाहून हिशेबात धरावा. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यावर जेमतेम ९ चौकोन बसतात आणि त्यातले बहुतेक काठावरचे असतात. शेततळ्यासाठी मोजायची काठीच बरी.

आता हाच पंधरवडा मागच्या वर्षांत बघा. २०१८ मध्ये राज्यात १५१ आणि २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. त्यांपैकी आपल्या भागाला झळ बसलेले एक वर्ष आणि गावाला पाणी पुरलेले एक वर्ष घ्या. यंदाचा पसारा दुष्काळी वर्षाच्या जवळ असेल तर हरभरा आणि ज्वारीवर भर द्यावा. हरभरा ३०-३५ आणि ६०-६५ दिवसांच्या दोन पाण्यांवर येतो. गव्हाला पाच-सहा पाणी लागते आणि पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतानाचे पाणी चुकले की फुटवे कमी निघतात.

पसारा चांगल्या वर्षाइतका भरला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. आमच्या मते सर्वांत मोठी चूक इथेच होते. पसारा म्हणजे साठा नव्हे: गाळ साचला असेल तर तेवढ्याच पसाऱ्यात पाणी कमी असते. शिवाय उपसणारे वाढलेले असतात. त्यासाठी २०१७ च्या आणि गेल्या मार्चची चित्रे शेजारी ठेवा. मार्चमध्ये जे शेत हिरवे ते बहुतेक पाण्यावरचे. ऊस, फळबाग, उन्हाळी पीक. बाभळीची रांग आणि ओढ्याकाठची झाडी तेवढी वगळा. तलावाच्या वर आणि खाली हे हिरवे क्षेत्र किती एकरांनी वाढले ते मोजा. ते दुप्पट झाले असेल तर जुन्या वर्षी मार्चपर्यंत पुरलेले पाणी यंदाही तोवर पुरेल, असे धरून गहू पेरू नये. २०१५ च्या आधीचे पाहायचे असल्यास लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रे आहेत, पण त्यांचा चौकोन ३० मीटरचा, म्हणजे जवळपास ९ गुंठ्यांचा. बांधाबांधातला फरक त्यात कळत नाही.

चित्रे उतरवून क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये स्वतः एनडीडब्ल्यूआयसारखे निर्देशांक काढणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० ची भर घातलेली असते. ती वजा न करता जुन्या वर्षाशी तुलना केली तर जमीन बदलली नसतानाही बदल दिसतो.

दुसरी मोजणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा आणि त्याच दिवशी विहिरीत दोरी सोडून पातळी लिहून ठेवा, कारण विहिरीचे पाणी चित्रात दिसत नाही. बाष्पीभवनाचाही हिशेब धरा: एक हेक्टर पसाऱ्यावरून रोज ५ मिलिमीटर पाणी उडाले तर ५० हजार लिटर जातात. पातळी त्याहून बरीच जास्त उतरत असेल तर उपसा किंवा गळती आहे. सांडवा आणि भरावाचा पायथा तपासा, आणि उरलेले पाणी हरभऱ्याच्या दुसऱ्या पाण्यासाठी राखा.