जहाज जॉइन करण्याआधी त्याची जुनी नावं शोधा

माझ्या पहिल्या जहाजाच्या स्टर्नवर, म्हणजे मागच्या बाजूला, पांढऱ्या रंगात नाव लिहिलेलं होतं. दुपार कलली आणि ऊन तिरपं झालं की त्या नावाखाली दुसरंच एक नाव दिसायचं. जुन्या मालकाने अक्षरं वेल्डिंग करून बसवली होती. नव्या मालकाने ती ग्राइंडरने घासून वर रंग मारला होता, पण कडा राहिल्या होत्या आणि त्यांची सावली पडायची. मी डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ, होतो, एकोणीस वर्षांचा. बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हे चौथं नाव. तिसरं खाली दिसतंय ते." मला त्यात नवल वाटलं, भीती नाही वाटली. पुढे त्याच जहाजावर आम्ही नऊ जण सात महिने अँकरेजला, म्हणजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून, अडकलो.

मर्चंट नेव्हीत नव्याने येणारी मुलं पगार, काँट्रॅक्टची मुदत आणि जहाज कुठे जाणार एवढं विचारतात. जहाज कुठून आलंय हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

ऱ्होसस या जहाजाचं नाव तुम्ही बेरूतच्या स्फोटामुळे ऐकलं असेल. १९८६ साली जपानमध्ये बांधलेलं हे जहाज पुढे वेगवेगळ्या नावांनी फिरलं आणि शेवटी मोल्दोवाच्या झेंड्याखाली, म्हणजे त्या देशाच्या नोंदणीत, आलं. मोल्दोवाला समुद्रकिनारा नाही. जुलै २०१३ मध्ये स्पेनच्या सेव्हिल बंदरात तपासणी झाली तेव्हा त्यात १४ त्रुटी निघाल्या. त्यानंतर आधीचे खलाशी पगार थकले म्हणून उतरले आणि त्यांच्या जागी नवे आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॉर्जियातल्या बातुमी बंदरातून २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन जहाज मोझांबिकमधल्या बेइराकडे निघालं. सुएझ कालव्याचे पैसे भरायला मालकाकडे नव्हते, म्हणून जादा भाड्यासाठी अवजड यंत्रं उचलायला नोव्हेंबरमध्ये ते बेरूतला वळवलं. जुन्या पत्र्याला तो भार पेलला नाही. मग बंदराची देणी थकली, तपासणीत जहाज नापास झालं आणि धरलं गेलं. बाकीच्यांना घरी जाऊ दिलं, पण कॅप्टन आणि आणखी तिघांना जहाजावरच ठेवलं. ते चौघे स्फोटक होऊ शकणाऱ्या त्या मालावर जवळजवळ वर्षभर राहिले. वकिलाच्या फीसाठी कॅप्टनला जहाजातलं इंधन विकावं लागलं. २०१४ मध्ये कोर्टाने त्यांची सुटका केली, माल बंदरातल्या १२ नंबरच्या गोदामात गेला आणि २०१८ मध्ये रिकामं जहाज तिथेच बुडालं. ४ ऑगस्ट २०२० ला गोदाम उडालं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली.

या सगळ्यातलं एक वाक्य नव्या मुलाने घट्ट धरून ठेवावं: आधीचे खलाशी पगार थकले म्हणून उतरले. ही गोष्ट नव्या माणसांना जहाजावर चढण्याआधी कळली असती, तर त्यांनी पाऊल टाकलं असतं का? आपण ज्याच्या जागी जातोय तो का उतरला, हे मी आता प्रत्येक काँट्रॅक्टआधी विचारतो. नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला नाही, त्या माणसालाच. एजंट नंबर देत नसेल तर तेही एक उत्तरच समजा.

दुसरं साधन म्हणजे आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) नंबर. नाव बदलतं, झेंडा बदलतो, मालक बदलतो, पण जहाजाच्या सांगाड्याला मिळालेला हा सात आकडी नंबर भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. एजंटाने दिलेला नंबर खरा आहे का हे कागदावरच तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा नंबरच्या सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. ऱ्होससचा नंबर ८६३०३४४. गुणाकार येतात ५६, ३६, १५, ०, ९ आणि ८. बेरीज १२४, शेवटचा आकडा ४. जुळलं. घाईत टाइप केलेला किंवा मनाने रचलेला नंबर बहुतेक वेळा इथेच पकडला जातो.

हा नंबर इक्वासिस या मोफत संकेतस्थळावर टाका. नोंदणी करावी लागते, पैसे लागत नाहीत. जुनी नावं, झेंडे, मालक आणि व्यवस्थापक कधी बदलले, क्लास (जहाजाची तांत्रिक तपासणी करून प्रमाणपत्र देणारी संस्था) कोणती आहे, कोणत्या बंदरात तपासणी झाली, किती त्रुटी निघाल्या, कुठे आणि किती दिवस जहाज धरून ठेवलं, सगळं तारखांसकट दिसतं. नुसतं जुनं जहाज म्हणून घाबरू नका. नीट राखलेली तीस वर्षांची जहाजंही मी पाहिली आहेत. बघायचं ते तारखांकडे. दोन-तीन वर्षांत झेंडा, मालक आणि क्लास तिन्ही बदललेले असतील आणि मध्ये एखादं डिटेन्शन (बंदराने जहाज धरून ठेवणं) असेल, तर मी ते जहाज सोडून देतो. असं जहाज कुणाला तरी टाळत असतं: कधी तपासनिसाला, कधी देणेकऱ्याला. मग आयएलओची (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) नोंदवही बघा, मालकाने पगार-जेवणाशिवाय वाऱ्यावर सोडून दिलेल्या खलाशांची, तीही सगळ्यांना खुली आहे. त्यात जहाज सापडलं तर प्रश्नच मिटला. आयटीएफने (वाहतूक कामगारांच्या युनियनचा आंतरराष्ट्रीय महासंघ) २०२४ साली ३१२ जहाजांवर ३,१३३ खलाशी असे सोडून दिल्याचं मोजलं आणि त्यात सर्वाधिक, ८९९, भारतीय होते.

जहाजावर चढल्यावर काय ओळखायचं, ते मला पुस्तकाने नाही, गॅलीने, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघराने, शिकवलं. प्रोव्हिजन (खाण्याचं सामान) महिन्याऐवजी आठवड्याचं यायला लागलं. बंकर (जहाजाचं इंधन) पुढच्या बंदरापुरतंच भरायला लागले. पगार आधी दहा दिवस उशिरा, मग 'पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम'. चीफ इंजिनिअरने मागितलेले सुटे भाग कधी आलेच नाहीत. शेवटी अँकर टाकला आणि कंपनीचा फोन लागेनासा झाला.

मग जनरेटर संध्याकाळी दोनच तास. त्या दोन तासांत सगळ्यांचे फोन मेसच्या टेबलावर एका बोर्डाला लटकलेले असायचे आणि कुक त्याच वेळात दुसऱ्या दिवसाचा भात शिजवून ठेवायचा. तो मगाने तांदूळ मोजायचा आणि मोजताना कुणाकडे बघायचा नाही. टाकीतलं पाणी गंजाने लाल झालं, तेव्हा आम्ही फडक्याच्या तीन घड्यांतून गाळून ते उकळायचो. किनाऱ्यावरचे दिवे रोज दिसायचे.

मग उतरून निघून का नाही आलात, हे मला घरच्यांपासून सगळ्यांनी विचारलंय. व्हिसाशिवाय बहुतेक ठिकाणी किनाऱ्यावर उतरून निघून जाता येत नाही. अँकरवरचं जहाज माणसांशिवाय सोडायला बंदर परवानगी देत नाही. आणि मनात एक भीती असते, की उतरलो तर पगार बुडाला. ही भीती खोटी आहे, आणि तीच माणसाला महिनोन्‌महिने बसवून ठेवते. थकलेल्या पगाराचा हक्क जहाजालाच चिकटलेला असतो. मालक बदलला तरी तो सुटत नाही, आणि कोर्टाने जहाज विकलं तर बहुतेक देशांत खलाशांची देणी बँकेच्या कर्जाआधी भागवतात.

कायद्याने पहिला आधार दिलाय तो एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातून. १८ जानेवारी २०१७ पासून मालकाला खलाशी सोडून दिले गेल्यास लागू होणारा विमा काढावा लागतो आणि त्याचं प्रमाणपत्र जहाजावर सहज दिसेल अशा जागी लावावं लागतं. दोन महिन्यांचा पगार थकवून मालकाने हात झटकले की ते अबॅन्डनमेंट, म्हणजे खलाशांना सोडून देणं, ठरतं. मग विमा कंपनी घरी पाठवण्याचा खर्च, जेवण, पाणी, जगण्यापुरतं इंधन, औषधोपचार आणि थकलेला पगार देते. पगार मात्र जास्तीत जास्त चार महिन्यांचाच. आम्हाला हे माहीत नव्हतं. प्रमाणपत्र मेसच्या बाहेर काचेखाली होतं, त्यावर मदतीचा पत्ता आणि फोन होता, आणि आम्ही पाच महिने त्याच्यासमोरून जेवायला जात होतो.

म्हणून जॉइन झाल्या दिवशी त्या कागदाचा फोटो काढा आणि घरी पाठवा. सोबत काँट्रॅक्टची सहीची प्रतही पाठवा. दोन महिने पगार आला नाही की तिसऱ्याची वाट बघू नका. विमा कंपनी, आयटीएफचा इन्स्पेक्टर आणि जहाजाचा झेंडा ज्या देशाचा त्याचं प्रशासन, तिघांना एकाच दिवशी लिहा. बंदराचा कोणताही कागद न वाचता सही करू नका, जहाजाची जबाबदारी तुमच्यावर टाकणारा कागदही त्यात असू शकतो. २०१७ मध्ये इजिप्तच्या अदाबिया बंदरात अमान हे जहाज धरलं, तेव्हा तिथल्या सीरियन चीफ ऑफिसरला कोर्टाने जहाजाचा कायदेशीर राखणदार ठरवलं. बाकीचे एकेक करून घरी गेले. तो एप्रिल २०२१ मध्ये सुटला. शेवटी शेवटी तो जहाजावर एकटा होता आणि फोन चार्ज करायला, पाणी आणायला पोहत किनाऱ्यावर जात होता.

आमच्याकडे सेकंड मेटची (जहाजावरच्या एका अधिकाऱ्याची) एक वही होती. तारीख, जनरेटर किती तास चालला, टाकीत पाणी किती, तांदूळ किती मग, कंपनीला किती वाजता फोन केला, रोज एक ओळ. त्या वेळी मला तो वेळ घालवायचा उद्योग वाटायचा. पाचव्या महिन्यात आयटीएफचा इन्स्पेक्टर बोटीने आला, मेसमध्ये बसला आणि त्याने सगळ्यात आधी ती वही मागितली. सातव्या महिन्यात आम्ही घरी गेलो. विम्यातून चार महिन्यांचा पगार मिळाला. उरलेल्या तीन महिन्यांचा जहाजाच्या लिलावानंतर आला, तोपर्यंत आणखी सव्वा वर्ष गेलं होतं. वहीची मूळ प्रत कोर्टात गेली ती परत मिळाली नाही, पण प्रत्येक पानाचा फोटो माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर सेकंड मेटच्या अक्षरात आहे: तांदूळ ६ मग, पाणी ठीक, बोट ९ वाजता.