खुब्याचं ऑपरेशन: बॅग भरण्याआधी घर मोजा

माझ्या आईचा डावा खुबा बदलायचा ठरला तेव्हा आम्ही भावंडं रिपोर्ट, पैसे आणि रजा यांतच बुडालो होतो. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारच्या आमच्या जुन्या घराकडे कुणी नीट पाहिलंच नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आई सवयीने झोपाळ्याकडे निघाली. एक हात वॉकरवर, दुसरा कडीवर. माझ्या काळजात धस्स झालं. पाट ठेंगणा, त्यात टेकायला जावं तर मागे सरकणारा. नवा सांधा पहिल्या काही आठवड्यांत निखळू शकतो, कारण भोवतीचे स्नायू आणि आवरण अजून भरून यायचं असतं. म्हणून सांगते, तयारी घरापासून सुरू करा.

तीन-चार आठवडे आधी: टेप घ्या

पेशंटला खुर्चीत ताठ बसवा आणि गुडघ्यामागच्या खळीपासून जमिनीपर्यंत माप घ्या. आईचं १६ इंच भरलं. बसायची प्रत्येक जागा यापेक्षा दोन-तीन इंच उंच हवी, म्हणजे बसल्यावर गुडघे खुब्याच्या खालीच राहतात. या मापाने पलंग, खुर्ची, कमोड सगळं तपासा. आमचा पलंग ठेंगणा निघाला, म्हणून पायांखाली लाकडी ठोकळे बसवून घेतले. हात टेकायला दांड्यांची, न हलणारी खुर्ची ठेवा. सोफा नको, माणूस त्यात रुततो. कमोडवर उंच सीट बसते. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर कमोड चेअर ठेवता येते, सर्जिकलच्या दुकानात मिळते.

पायपुसणी, सतरंज्या, लोंबत्या वायरी उचला. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा राहू द्या. रोज लागणारं सामान कमरेच्या उंचीवर आणा. देवघर खाली असेल तर देव काही दिवस टेबलावर मांडा. आईला हे जड गेलं, पण वाकून फुलं वाहण्यापेक्षा बरं.

शरीराची तयारी

दात, लघवी किंवा त्वचेचं इन्फेक्शन असेल तर ते आधी बरं करून घ्या, कारण जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. साखर आटोक्यात आणा. तंबाखू, विडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ठळकपणे सांगा, ती स्वतःहून बंद करू नका. वॉकरने चालायचा सराव आत्ताच करा.

सर्जनला तीन प्रश्न जरूर विचारा: छेद मागून देणार की पुढून, पायावर भार कधीपासून टाकायचा, आणि कोणत्या हालचाली किती आठवडे बंद? उत्तरं प्रत्येकाची वेगळी असतात, शेजारच्या काकूंच्या ऑपरेशनवरून ठरवू नका. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान कार्डाचीही चौकशी करा. २०२४ पासून या वयाच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

दवाखान्यात

बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. भीती वाटते, पण उठवून चालवणं हाच उपचाराचा भाग आहे. पडल्यापडल्या पावलं वर-खाली हलवत राहा, त्याने पायात गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

घरी आल्यावर

रिक्षा टाळा, मोटार बोलवा. सीट मागे सरकवून आधी पाठ टेकवून बसा, मग दोन्ही पाय मिळून आत.

मागून छेद दिला असेल तर साधारण तीन नियम असतात: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, ऑपरेशनचा पाय आत वळवू नका. कुशीवर झोपायचं तर परवानगी घेऊन, गुडघ्यांमध्ये उशी घालून. खाली पडलेला चष्मा उचलायला लांब दांड्याचा चिमटा लागतो. आईने तो पदरात खोचूनच ठेवला होता.

चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. जिन्यासाठी आम्ही घोकलं होतं: चढताना चांगला, उतरताना दुखरा. ओल्या फरशीवर पाऊल नको.

दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तेव्हा पाणी आणि भाज्या वाढवा. दुसऱ्या आठवड्यात आई उगाच रडायची. त्या दिवसांत सोबतीला कुणीतरी असावं.

थांबू नका

पोटरी अचानक सुजली, दुखली किंवा गरम लागली तर लगेच डॉक्टरांना फोन करा. मालीश अजिबात नको, कुणी कितीही प्रेमाने तेल घेऊन आलं तरी. ताप, जखमेतून पू किंवा पाणी, पाय आखूड वा वळलेला दिसणं, भार टाकता न येणं, यांतही त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट तातडीच्या विभागात.

तीन महिन्यांनी सर्जननी होकार दिल्यावर आम्ही झोपाळ्याच्या कड्या छोट्या करून पाट उंच करून घेतला. आई बसायला आली की मी आधी तो दोन्ही हातांनी घट्ट धरते. ती मागे हात लावून पाट चाचपते, टेकते, आणि मग म्हणते, "सोड आता."