वाकडं नाक सरळ करायचंय? आधी आतला पडदा बघा

फोंड्याला शेतात फुटबॉल खेळताना माझ्या नाकावर कोपर बसलं, एका डॉक्टरने बर्फ लाव म्हणून घरी पाठवलं आणि तिथेच घोळ झाला. मार ताजा असला तर सूज उतरल्यावर साधारण 2 आठवड्यांच्या आत हाड न कापता जागेवर बसवता येतं, तो वेळ गेला की ते तसंच वाकडं जुळतं आणि मग बरेच सर्जन 6 महिने तरी थांबायला लावतात. आणि हो, मार लागल्यावर नाक आतून गच्च बंद होऊन ठणका वाढत असेल तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात रक्त साकळलेलं असू शकतं, त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा, नाहीतर कूर्चा, म्हणजे नाकातलं मऊ हाड, मरते आणि नाक मधेच बसतं.

आता जुनं वाकडेपण. भुवयांच्या मधून हनुवटीच्या मध्यावर दोरा ताणून धरा, समोरून फोटो काढा. वर हाड सरकलंय, मधली कूर्चा दबलीय की शेंडा फिरलाय ते दिसेल.

लोकांना वाटतं हाड घासलं की झालं, पण पडदा जिकडे जातो तिकडे नाक जातं. म्हणून बहुतेक वेळा सेप्टोप्लास्टी, म्हणजे पडदा सरळ करायचं ऑपरेशन, लागते. सर्जन वरच्या कण्याला आणि पुढच्या कडेला निदान 1 सेंटीमीटरची एल आकाराची पट्टी ठेवतो, कारण नाक तिच्यावरच उभं असतं, आणि मागचा वाकडा भाग काढतो. त्याच तुकड्यातून काडेपेटीच्या काडीएवढी पट्टी कापून दबलेल्या बाजूला पडद्याला चिकटून शिवतात, तो स्प्रेडर ग्राफ्ट. श्वासाची वाटही त्याने मोकळी होते. पडद्याचं खालचं टोक बाजूला घसरलं असेल तर जास्तीचं कापून ते मधल्या हाडाला टाक्याने बांधतात. हाडासाठी ऑस्टिओटॉमी, म्हणजे बारीक छिन्नीने काप देऊन हाड बोटांनी मधे आणायचं. पडदा फारच पिळला असेल तर पूर्ण बाहेर काढून, टेबलावर सरळ करून परत बसवतात, पण ते येरागबाळ्याचं काम नाही, सर्जनचा अनुभव आधी विचारा.

ऑपरेशननंतर साधारण आठवडाभर नाकावर स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, डोळ्यांखाली काळंनिळं, श्वास तोंडाने. आईने सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी पुढ्यात ठेवली तर मला वास शून्य! शिंक आली तर तोंड उघडून द्या, नाक शिंकरू नका, चष्मा काही आठवडे नाकावर टेकवू नका. शेंड्याची सूज वर्षभर रेंगाळते, आणि कूर्चा जुन्या वळणावर थोडी परत जाऊ शकते, माझी गेलीय केसभर, दोरा धरला तरच कळतं.