केळीवरचे काळे डाग असे थांबवले

रावेरहून वाशीला गेलेली आमची केळी पिकली की सालीवर काळे चट्टे उठायचे आणि व्यापारी भाव पाडायचा. मूळ दुखणं दोन: घासणं आणि चीक. आता घड जमिनीला टेकूच देत नाही. खांद्यावर गादी, तिथून थेट सावलीत. फण्या सोडवल्या की कापलेली बाजू खाली करून चीक निथळू देतो आणि लगेच तुरटीच्या पाण्यात बुडवतो. सालीवर वाळलेला चीक काही केल्या निघत नाही, म्हणून इथे मी स्वतः उभा राहतो. क्रेटमध्ये फण्यांच्या मध्ये फोम. पिकवणाऱ्यालाही बजावलंय: कार्बाइडची पूड लावून पिकवण्यावर बंदीच आहे, पिकवायला इथिलीन वायूचं चेंबर हवं, आणि तापमान 13 अंशांखाली नको, साल काळवंडते. आता माल उजळ उतरतो, भावाची घासाघीस बरीच कमी झाली.