जुन्या गाडीचा एसी गार पडत नाही? गॅस मारण्याआधी दोन्ही काटे वाचा

एसीची हवा गार येईना की निपाणीपासून खानापूरपर्यंत एकच सल्ला मिळतो: गॅस मारून घ्या. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि बऱ्याचदा गॅस पुरेसा असतो, दोष दुसरीकडेच असतो. म्हणून आधी प्रेशर बघा.

त्याआधी बॉनेट उघडा. एसी सुरू केल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक’ करून बसतो का? पुढचा फॅन फिरतो का? मग कंडेन्सरकडे, म्हणजे रेडिएटरच्या पुढच्या पात्यांच्या जाळीकडे, नीट बघा. ऊसतोडणीच्या दिवसांत पाचटाचा भुसा आणि जाळलेल्या फडाची राख, एरवी लाल धूळ, सगळं त्या बारीक पात्यांत जाऊन बसतं. इंजिन गार असताना साध्या नळाच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मारू नका, पाती वाकतात.

आता गेज, म्हणजे प्रेशर मोजायचं दोन काट्यांचं मीटर: निळा कमी प्रेशरच्या बाजूचा, लाल जास्त प्रेशरच्या. चष्मा आणि हातमोजे घाला, गेजच्या दोन्ही चाव्या बंद ठेवा. निळा पाईप जाड नळीवर, लाल बारीक नळीवर. इथले आकडे आर-१३४ए गॅसचे आहेत. फार जुन्या गाडीत आर-१२ असू शकतो, बॉनेटखालचं लेबल वाचा.

गाडी काही तास सावलीत बंद असेल तर दोन्ही काटे सारखेच दिसतात: २५ अंशांना सुमारे ८० पीएसआय, ३० अंशांना ९५ च्या आसपास. बरंच कमी दिसलं तर गॅस जवळजवळ गेलाय. मात्र आकडा बरोबर आला म्हणजे गॅस पूर्ण आहे असं नाही. आत थोडा जरी द्रव उरला असला तरी हे प्रेशर तापमानावरच ठरतं.

खरी परीक्षा इंजिन चालू असताना. रेस १५०० आरपीएमच्या आसपास, ब्लोअर फुल, दारं उघडी. बाहेर ३०-३५ अंश असतील तर निळा ३० ते ४५, लाल २०० ते २५० साधारण ठीक. गाडीनुसार फरक पडतो.

दोन्ही कमी असतील तर गळती. जोडांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा, साबणाचा फेस लावा.

दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरवर मग्ग्याने पाणी ओता. लाल काटा झरझर खाली आला, तर तिथली उष्णता निघत नाहीये: फॅन कमजोर आहे किंवा पाती तुंबलीत. फरक पडला नाही तर गॅस जादा भरलाय किंवा आत हवा शिरलीय.

निळा जास्त आणि लाल कमी म्हणजे कॉम्प्रेसर थकलाय. निळा शून्याकडे घसरतोय तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅस बारीक छिद्रातून पुढे सोडणारा) तुंबलाय किंवा आतल्या ओलाव्याचा बर्फ होतोय.

गळती काढल्यावर निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं, हवंच. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळे इथे व्हॅक्यूमचा काटा २७ इंचांच्या (पाऱ्याच्या) आसपासच थांबतो; पुस्तकात २९ लिहिलंय म्हणून पंपाला दोष देऊ नका. पंप बंद करून पुन्हा अर्धा तास थांबा. काटा परत शून्याकडे चढला तर गळती अजून आहे. जुना गॅस मात्र हवेत सोडू नका, मशीनने काढून घेणारं गॅरेज गाठा. आणि नवा भरताना लेबलवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच, वजनकाट्यावर मोजून भरायला सांगा.