कोंबडखत टाकण्याआधी शेडमालकाला एक प्रश्न विचारा

मृगाच्या आधी कोंबडखताच्या ट्रॉल्या शेतात पोहोचू लागतात. शेणखत मिळेनासं झालंय आणि कोंबडखतात नत्र, स्फुरद भरपूर असतं, त्यामुळे ते जरूर वापरा. पण ट्रॉली भरण्याआधी शेडमालकाला विचारा की पक्ष्यांच्या खाद्यात रॉक्सारसोन हे आर्सेनिक असलेलं औषध होतं का. आर्सानिलिक आम्ल आणि नायटारसोन ही त्याचीच भावंडं, तीही विचारा. शक्य असेल तर प्रीमिक्सच्या, म्हणजे खाद्यात मिसळायच्या तयार मिश्रणाच्या, पोत्यावरची चिठ्ठी स्वतः वाचा.

रॉक्सारसोन ही फिकट पिवळी भुकटी असते. तिच्या वजनाच्या २८ टक्क्यांहून जास्त भाग आर्सेनिकचा, म्हणजे ज्यापासून सोमल बनतो त्याच मूलद्रव्याचा. अमेरिकेत १९४४ पासून ती कोंबड्यांच्या खाद्यात घालत. रक्ती हगवण आटोक्यात राहायची, वजन लवकर भरायचं आणि मांसाला रंग चांगला यायचा. पुढे २०११ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या अभ्यासात, हे खाद्य खाल्लेल्या पक्ष्यांच्या यकृतात जास्त विषारी असं असेंद्रिय आर्सेनिक वाढलेलं आढळलं. उत्पादक कंपनीने विक्री थांबवली, २०१३ मध्ये मान्यता गेली. नायटारसोन २०१५ अखेर बंद झालं आणि चीनने २०१९ मध्ये रॉक्सारसोनवर बंदी घातली.

आता खताकडे येऊ. पक्षी हे औषध अंगात फारसं ठेवत नाही, बरंचसं विष्ठेतून जसंच्या तसं बाहेर पडतं. एक टन खाद्यात ५० ग्रॅम रॉक्सारसोन धरलं तर त्यात १४ ग्रॅम आर्सेनिक येतं. दहा हजार पक्ष्यांची बॅच ३५ टन खाद्य खात असेल, तर त्या शेडमध्ये अंथरलेल्या तुसात जवळपास अर्धा किलो आर्सेनिक उतरू शकतं.

“वर्षभर कुजवलं की सगळं मरतं” असं आपण म्हणतो. रोगजंतू आणि तणाचं बी यांच्यापुरतं ते बरंचसं खरं आहे. आर्सेनिक मात्र मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही. उलट ढिगातले जिवाणू रॉक्सारसोन फोडून त्याचं असेंद्रिय आर्सेनिक करतात, आणि ढीग बसून वजन घटलं की उरलेल्या खतात त्याचं प्रमाण वाढतं. जाळणं तर त्याहून वाईट, कारण धुरातून तेच आपल्या छातीत जातं.

एकदा टाकलेल्या खताने जमीन नासली असं समजून घाबरू नका. एकरी दोन टन खतातून मातीत पडणारी भर थोडी असते, ती साठते वर्षानुवर्षं त्याच रानात टाकल्यावर. मला जास्त काळजी उघड्या ढिगाची वाटते. रॉक्सारसोन पाण्याबरोबर सहज वाहतं, आणि पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम एवढीच आहे. म्हणजे एक ग्रॅम आर्सेनिक एक लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवतं. म्हणून विहीर, बोअर आणि ओढा यांच्यापासून ढीग लांब, उंचवट्यावर घाला. पहिल्या वळवाआधी ताडपत्री टाका आणि भोवती चर काढा. शंका असेल तर विहिरीचं पाणी तपासायला देताना आर्सेनिकची चाचणी वेगळी मागा. मातीच्या नेहमीच्या आरोग्यपत्रिकेतही आर्सेनिक नसतं.

खत पसरताना तोंडाला मास्क, हातात मोजे हवेत. लहान मुलांना त्या कामावर नेऊ नका.

भात लावणाऱ्यांनी, विशेषतः कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडे, शंकेचं खत खाचरात टाकूच नये. पाणी तुंबलं की मातीतल्या लोहाने धरून ठेवलेलं आर्सेनिक सुटतं आणि भाताची मुळं ते सिलिकाच्याच वाटेने आत ओढतात. अमेरिकेतल्या आर्कान्सासमध्ये पूर्वी कपाशीच्या रानात एमएसएमए नावाचं आर्सेनिकयुक्त तणनाशक फवारत. त्याच रानात पुढे भात घेतला तेव्हा काही ठिकाणी लोंब्या पोचट राहून ताठ उभ्या राहिल्या आणि तूस पोपटाच्या चोचीसारखं वाकलं. तिथले शेतकरी हंगामाच्या मध्यात खाचरातलं पाणी काढून जमीन भेगा पडेपर्यंत सुकू देतात. आपल्याकडे पूर्वी असं खत पडलेलं खाचर असेल, तर फुटवे येण्याच्या काळात खाचर आलटून-पालटून भरा आणि सुकू द्या. पोटरीला आल्यावर मात्र ताण देऊ नका.